17 सप्टेंबरचा तो फॉरवर्ड: तारीख बरोबर, बाकी चूक

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: 'लोकांनी काही केलं नाही, सैन्यानेच पाच दिवसांत रक्त न सांडता निजामाला नमवलं. 17 सप्टेंबर 1948 ला त्याने विलीनीकरणावर सही केली आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला.'

आधी सहीचं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 ला जाहीर झाली ती शस्त्रसंधी. 18 ला निजामाचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल जयंतनाथ चौधरींना शरण आले. ही झाली लष्करी शरणागती. भारताची राज्यघटना स्वीकारल्याचं निजामाचं फर्मान निघालं ते 23 नोव्हेंबर 1949 ला.

'लोकांनी काही केलं नाही' हे तर अज्ञानच. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्ट 1947 लाच भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी आंदोलन सुरू केलं. पुढे उमरखेड, बार्शी, मनमाड अशा संस्थानाच्या हद्दीबाहेरच्या गावांत कॅम्प उभे राहिले. तिथल्या तुकड्या करोडगिरी नाके, पोलीस ठाणी आणि सरकारी दप्तरांवर तुटून पडत. नाका बंद पडला की जकात बुडे, शिवाय गावावरचा वचकही जाई. शिंदीची झाडं तोडण्यामागेही हिशेब होता: शिंदीवरच्या करातून येणाऱ्या अबकारी उत्पन्नावर घाव. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली तीही लढ्याच्या खर्चासाठी.

पाच दिवस मात्र खरे. 13 ची पहाट ते 17 ची संध्याकाळ. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे गेली. पण 'रक्त न सांडता'? आधी रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावं जाळली, माणसं मारली. कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांची कत्तल झाली. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. झेंडावंदनाच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

राहिला महाराष्ट्र. तो तेव्हा नव्हताच. मराठवाड्याचे 5 जिल्हे आणखी 8 वर्षं हैदराबाद राज्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. त्याच संस्थानाचे कन्नड जिल्हे कर्नाटकात गेले, म्हणून 17 सप्टेंबरला कलबुर्गीतही झेंडावंदन होतं आणि पुण्या-मुंबईत मात्र सुट्टी नसते.