हरकत घ्यायला हरकत नाही

आपण मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी राहत असाल, तर गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, आपल्या वसाहतीच्या तोंडाशीच, चारचाकी गाड्यांचे एक शोरूम असणार हे मी धरून चालतो. गाव कोणते ते सांगत नाही. जालना रोड, नांदेड रोड, औसा रोड, यांपैकी जे नाव आपल्या तोंडी असेल ते घालून घ्यावे. काचेची भिंत, तिच्यावरचा शून्य डाउन पेमेंटचा फलक आणि दारातला सलाम ठोकणारा वॉचमन यांत त्याने फरक पडत नाही. हे शोरूम आता वाढणार आहे. मागचा भूखंड शेठनी घेतला असून त्यावर सर्व्हिस सेंटर, गाड्या धुण्याचे रॅम्प आणि नव्या मालाचे आवार व्हायचे आहे. अडचण एवढीच की विकास योजनेच्या नकाशात तो भूखंड पिवळा, म्हणजे रहिवासी आहे. तो निळा, म्हणजे वाणिज्य करून घ्यावा लागेल. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 37 आहे. योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही इतपतच फेरबदल या कलमाने करता येतो, आणि त्याआधी राजपत्रात सूचना देऊन एक महिन्याच्या आत लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. साध्या बांधकाम परवान्याच्या वेळी शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. इथे प्रत्यक्ष कायद्याने आपल्याला विचारले आहे. एवढा मान मिळाल्यावर हरकत न घेणे बरे दिसत नाही. ती रीतसर कशी घ्यावी, याविषयी अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी सांगतो.

नोटीस शोधण्याची घाई करू नये. ती राजपत्रात आलेली असते, आणि राजपत्र आपण घेत नाही. ती वर्तमानपत्रातही आलेली असते, पण आपण घेतो त्या नव्हे. उरतो कार्यालयाचा सूचना फलक. आमच्या इथला फलक काचेच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि आत निविदा, पाणीपट्टीवरची सवलत, मोकाट जनावरांचा लिलाव असे कागद एकावर एक टाचलेले आहेत, त्यामुळे आमच्या नोटिशीचा उजवा अर्धा भाग तेवढा दिसत होता. ओळीच्या शेवटचे ‘सर्व्हे नंबर’ हे शब्द स्वच्छ वाचता येत होते. खुद्द नंबर पुढच्या ओळीच्या आरंभी, म्हणजे जनावरांखाली गेला होता. मी काचेला नाक लावून वाकडा होऊन पाहू लागलो, तेव्हा बाकावर बसलेला शिपाई सहानुभूतीने म्हणाला, “काका, किल्ली आधीच्या साहेबाजवळच ऱ्हायली. ते बदलून गेले.”

नोटीस कळली की भाग नकाशा पाहायला मागावा. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध असतो, पण ज्यांच्या कपाटात तो असतो ते जागेवर नसतात, आणि ते जागेवर असतात तेव्हा नकाशा साहेबांच्या टेबलावर गेलेला असतो. अशा वेळी त्रागा न करता माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. 2005 च्या त्या कायद्याखाली 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की 30 दिवसांत माहिती द्यावी लागते, आणि हरकतीची मुदत आहे एक महिन्याची. एक कायदा मुंबईत झाला, दुसरा 39 वर्षांनी दिल्लीत झाला, कोणी कोणाला विचारले नाही, आणि तरीही दोघांचा मेळ छत्तीस गुण जुळल्यासारखा बसला आहे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नकाशाची साक्षांकित प्रत टपालाने घरी येते. ती जपून ठेवावी. आपण कशाला हरकत घेतली होती, हे तिच्यावरून फार चांगले समजते.

हरकतीत वाहनतळाचा विषय काढू नये. नकाशात वाहनतळ भरपूर दाखवलेला असतो. रेघांनी पाडलेले एकसारखे चौकोन, प्रत्येकावर क्रमांक, कडेला झाडांची हिरवी वर्तुळे. पाहणाऱ्याला आपल्या गल्लीची लाज वाटावी इतका तो नेटका असतो. प्रत्यक्षात त्या चौकोनांत विक्रीच्या गाड्या उभ्या राहतात, कारण विक्रीची गाडी हा माल आहे आणि शहाणा दुकानदार माल रस्त्यावर ठेवत नाही. ग्राहकाची गाडी हा माल नव्हे, तेव्हा ती रस्त्यावर. सर्व्हिसला आलेली गाडी अर्धी ग्राहकाची आणि अर्धी शोरूमची, म्हणून ती आपल्या फाटकापुढे. आणि कामगारांच्या दुचाकी राहिलेल्या जागेत, म्हणजे फुटपाथवर. नव्या आवाराने ही सोय वाढेल, कारण आवार जितके मोठे तितका माल जास्त, आणि माल जितका जास्त तितके त्याच्यामागे येणारे लोक जास्त. हे त्रैराशिक मी सुनावणीत मांडून पाहिले होते. नगररचनेत त्रैराशिक चालत नाही असे मला सांगण्यात आले.

ट्रेलरचे काय, असे आपण विचाराल. महिन्यातून दोन-तीनदा पहाटे तो लांबलचक ट्रेलर येतो. दोन मजल्यांवर गाड्या बांधलेल्या असतात, आणि वरचा फलाट खाली घेताना होणारा लोखंडाचा करकराट हाच आमच्या वसाहतीचा काकडा आहे. आवारात वळायला जागा नसल्याने ट्रेलर भर रस्त्यात आडवा उभा राहतो, एक पोरगा हातातली लाल फडकी हलवून एसटी थांबवतो, आणि पहिली गाडी, सीटवरचे प्लास्टिक तसेच ठेवून, तसूतसूने मागे सरकत उतरते. थांबलेल्या एसटीत सकाळच्या क्लासला निघालेली मुले असतात. ती खिडकीतून डोके काढून, नाव दिसण्याआधी, नुसत्या मागच्या दिव्यांवरून गाडी ओळखतात. गुणवत्ता याद्यांसाठी नावाजलेल्या या मुलखात पोरांचा पहाटेचा अभ्यास असा होतो, याची नोंद कोणत्याही आराखड्यात नाही.

पाण्याचे तर नावच काढू नये. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिली गाडी 10 टँकरांत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तिथे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. ही गोष्ट आपण हरकतीत घातली, तर ‘भावनिक’ असा शेरा मारून ती बाजूला ठेवतील. त्यापेक्षा हिशेब करावा. पाइप लावून एक गाडी धुवायला दीडशे लिटर पाणी सहज जाते. दिवसाला 40 गाड्या धरल्या तर 6,000 लिटर झाले. म्हणजे ती पहिली पाणीगाडी या सर्व्हिस सेंटरला 83 दिवस पुरली असती, आणि शेजारच्या जिल्ह्यात त्या वर्षी माणसे रांगेत उभी असताना गाड्या तरी आरशासारख्या राहिल्या असत्या. अर्जदाराचे म्हणणे असते की पाणी नळाचे नाही, बोअरचे आहे. बोअरचे पाणी त्याच्या सातबाऱ्यात येते अशी आपलीही समजूत असल्याने आपण गप्प बसतो. आपल्या काळ्या मातीखाली बसाल्ट आहे आणि बसाल्टात पाणी भेगांमधून हिंडते. शेजाऱ्याने आपली बोअर पाताळात नेली की आपल्या मोटारीतून आधी गढूळ पाणी, मग गार वारा येऊ लागतो. वसाहतीत याला ‘पाणी उतरलं’ एवढेच म्हणतात, जणू ते आपल्या पायांनी उतरून गेले.

वापरलेले पाणी मात्र तो एकट्याने ठेवून घेत नाही. दुपारी चारच्या सुमारास ते फेसाळत आमच्या गल्लीतून नाल्याकडे निघते, वर ऑइलचा सप्तरंगी तवंग असतो, आणि आठव्या दिवशी येणाऱ्या नळाची वाट पाहणाऱ्या बाया हंडे बाजूला घेऊन त्याला वाट करून देतात. नियम कडक आहेत. वापरलेले इंजिन ऑइल 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. प्रक्रियेची टाकी नकाशात आहेही. झाडांच्या त्या हिरव्या वर्तुळांना लागूनच आहे.

एवढे लिहून होईपर्यंत भूखंडावर पत्र्याची शेड उभी राहिलेली असेल. तिने विचलित होऊ नये. विनापरवाना बांधकामाला त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस देता येते, परंतु नोटीस मिळालेल्याला तेच बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागण्याची मुभा त्याच कलमात आहे, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबून राहते. थोडक्यात, आधी बांधावे, मग शासन आपल्या पायांनी विचारायला येते. जो आधी विचारतो त्याच्यासाठी कलम 45 आहे: प्रस्ताव नियमांत बसत असेल आणि 60 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. मौनाचा हा अर्थ अर्जदारापुरताच आहे. आपल्या हरकतीवर कार्यालय 60 दिवस, किंवा 600 दिवस, काही बोलले नाही, तर ती मान्य झाली असे समजून कोणी पेढे वाटू नयेत. शेडविषयी फार आवाज चढवण्याआधी एकदा स्वतःच्या घराचे कागदही पाहून घ्यावेत. आमच्यापैकी निम्म्यांची घरे गुंठेवारीतली. 2001 च्या कायद्याने पैसे भरून ती नियमित झाली. शेठ सुनावणीत हे हसत हसत सांगतात, आणि ते खोटे नसल्याने कोणाला उत्तर देता येत नाही.

सुनावणीची वेळ सकाळी अकराची असते, म्हणून डबा बरोबर घ्यावा. “साहेब यायलेत, बसा” हे वाक्य अकरा, साडेबारा आणि अडीच वाजता असे तीनदा ऐकल्यावर साहेब येतात. दालनात शेठचे इंजिनिअर साहेबांच्या उजव्या बाजूला बसलेले असतात, कारण त्यांना नकाशा उलगडून दाखवायचा असतो. आपण उभे असतो, कारण आपल्याला दोनच मिनिटे बोलायचे असते. आपले घर भूखंडापासून किती अंतरावर आहे, असे विचारले जाईल. याचे उत्तर विचार करून द्यावे. घर लगतचे असेल तर आपली हरकत वैयक्तिक स्वरूपाची ठरते, लांबचे असेल तर आपण बाधित नाही, आणि मधले असेल तर मोजणीची ‘क’ प्रत मागतात. मी “हाकेच्या अंतरावर” असे सांगितले. लेखनिकाने ते तसेच लिहून घेतले आणि पुढच्याला बोलावले.

यापुढची पायरी सभागृहाची. राज्यातल्या अनेक महापालिका आणि नगरपरिषदांची मुदत 2020 ते 2022 च्या दरम्यान संपली, आणि पुढे कित्येक वर्षे तिथे प्रशासक होते. त्या काळासारखी शिस्त पुन्हा दिसणार नाही. आयुक्त म्हणून ज्यांनी प्रस्ताव मांडायचा, त्यांनीच प्रशासक म्हणून सर्वसाधारण सभेच्या जागी बसून तो वाचायचा, त्यावर साधकबाधक विचार करायचा आणि ठराव पारित करायचा. सभात्याग झाला नाही, कोणी राजदंड पळवला नाही, पाण्याचे ग्लाससुद्धा एकच लागले. ठरावानंतर फाइल मंजुरीसाठी शासनाकडे मुंबईला जाते, आणि तिथल्या वाऱ्या ज्याच्याकडे गाड्या आहेत त्यालाच परवडतात.

सह्यांच्या निवेदनावर फार भिस्त ठेवू नये. आमच्या निवेदनावर एकवीस सह्या होत्या. त्यांतल्या दोघांची पोरे शोरूममध्ये लागली, तिघांनी दसऱ्याला तिथूनच गाडी उचलली, आणि एका सेवानिवृत्त गुरुजींनी नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवताना मला पाहिल्यावर, आपली सही मराठी शुद्धलेखनाबद्दलच्या सदिच्छेने केलेली होती, असा खुलासा केला. शेठच्या बाजूने एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, हे ते दर सुनावणीत सांगतात. मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत अशी त्यांची कळकळ आहे. एवढ्या गाड्या त्या दिवशी लावल्या कुठे, हे मात्र त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.

शेवटी पोच घ्यायला विसरू नये. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, आणि अर्जावर आपला पूर्ण पत्ता व मोबाइल क्रमांक सुवाच्य अक्षरात असावा, कारण हरकतीची एक प्रत खुलाशासाठी अर्जदाराकडे जाते. ती वाया जात नाही. मंजुरी येऊन आठ दिवस होतात न होतात तोच, दुपारी डोळा लागतानाच, फोन येतो. “सर नमस्कार, शोरूममधून बोलायलोय. तुमचा नंबर त्या हरकतीच्या अर्जावर होता. आमचं नवीन सर्व्हिस सेंटर चालू झालंय, जवळच्या लोकांसाठी स्कीम आहे. टेस्ट ड्राइव्हला गाडी पाठवू का घरी?” मुलगा अदबीने बोलत असतो, तेव्हा त्याच्यावर रागावू नये. रंग विचारला तर पांढरा सांगावा, तो लगेच मिळतो. आणि गाडी लावायला घरापुढे जागा आहे का, असे त्याने विचारले, तर खरे तेच सांगावे: जागा आहे, सध्या तिथे तुमच्याच दोन उभ्या आहेत.