बागेले दुपारी कुलूप काहून?

काल आमच्या बागेच्या ग्रुपवर दुपारच्या कुलपावरून पुन्हा भांडण झालं, म्हणून आता इथंच लिहून टाकतो एकदाचं.

नागपुरात महाल आन् इतवारीच्या मधात आमची एक लहानशी बाग आहे. दोन वर्षांपासून आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी सकाळी तिथं राबतो. सुरुवातीला आमची अक्कलही तेवढीच होती, वर्गणी काढली, ऑइल पेंट आणला आन् भिंतीवर वाघ काढला. वाघ बरा जमला होता हो, पण तीन महिन्यांत त्याच्या तोंडावर खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या.

मग पावसाळ्यात कडुनिंबाची मोठी फांदी पडली, नशीब पहाटे पडली, खाली कोणी नव्हतं. पाहतो तर सगळ्या झाडांच्या बुडाला चिकटून गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवलेले, मुळांना पाणी जायला जागाच नाही. आमच्यातल्या वकील ताई म्हणाल्या की खोडाच्या एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा असं हरित लवादानं २०१३ मधेच दिल्लीतल्या झाडांसाठी सांगितलंय, तोच आदेश जोडून अर्ज दिला, चार चकरा झाल्या, परवानगी आली आन् सब्बल (पहार) घेऊन लागलो कामाला. गट्टूखाली दगडाची चुरी, चुरीखाली काँक्रीट, त्याच्याखाली माती विटेसारखी कडक. पहिली बादली ओतली तर पाणी तसंच वर थांबलं, जाईचना. कुदळीनं भोकं पाडली, पालापाचोळा टाकला, रोज थोडं थोडं पाणी. दोनेक आठवड्यांनी एका सकाळी बादली ओतली आन् पाणी बुडबुडे सोडत खाली गेलं. खरं सांगतो, वाघापेक्षा त्या बुडबुड्यांचा आनंद जास्त झाला. अशी पाच झाडं मोकळी केली.

आन् या झाडांची सावली पाहायला दुपारी जाल तर गेटला कुलूप! सकाळी दहाला बंद, संध्याकाळी चारला उघडणार. मे महिन्यात. नागपुरात. २०१३ च्या मे मधे पारा ४७.९ ला गेला होता ते विसरलो का आपण? उन्हाच्या लाटेत लोकांना जपायचा शहराचा हीट ॲक्शन प्लॅन २०१६ पासून आहे, आन् आमचं कुलूप आपल्या जागी.

सकाळी पाचला वॉकला येणाऱ्या आपल्याला दुपारी सावली लागतच नाही, आपण घरी कूलरसमोर असतो. सावली लागते इतवारीतल्या हमालाला, ई-रिक्षावाल्याला, साडीच्या दुकानातल्या पोरींना ज्यांना डबा खायला धड जागा नाही. हे सगळे बाहेर फुटपाथवर भिंतीला टेकून बसतात, आतल्या कडुनिंबाची जेवढी सावली भिंत ओलांडून पडते तेवढ्यात. परवा एक जण डोक्यावरचा ओला दुपट्टा पिळत मला म्हणे, "भाऊ, आत झाडं कोणासाठी लावून राह्यले मंग?" मी काय सांगणार, माझ्याकडे चावी थोडीच आहे!

ग्रुपवरचं म्हणणं ठरलेलं. दारुडे येतील. अहो, दारुडे रात्री भिंतीवरून उडी मारून येतात, दुपारच्या कुलपाचा त्यांना काय फरक पडतो? जोडपी बसतील. बसू द्या ना बाप्पा, तुम्ही कधी महाराजबागेत बसला नाहीत का? घाण होईल म्हणता, तर रविवारी मी जे उचलतो ते केकचे पुठ्ठे आन् थर्माकोलच्या प्लेटा असतात, म्हणजे आपल्याच लेकरांचे संध्याकाळचे बड्डे. हमालाचा स्टीलचा डबा तर तो घरी घेऊन जातो.

आता चाळीस हजार जमलेत आन् निम्म्या लोकांना लाइटवालं कारंजं पायजे. फोटो छान येतो म्हणे. मी शहरात बंद पडलेली इतकी कारंजी पाहिली आहेत की पुढचं सांगू शकतो, दिवाळीपर्यंत मोटर जळते आन् टाक्यात डासांची पिल्लं. त्यापेक्षा उन्हाळ्याचे तीन महिने दुपारचा एक माणूस ठेवा गेटवर, आन् आत प्याऊ (पाणपोई) लावा. गेट उघडायची परवानगी मागायला तशाच चार चकरा माराव्या लागतील, मारू, सवय झाली आहे आता. वकील ताईंनी अर्ज लिहून ठेवलाय, सह्या पायजेत.

रविवारी साडेसहाला, त्याच कडुनिंबाखाली. कोणाकडे जुने माठ पडले असतील तर घेऊन या, दोन तरी लागतील.