सोनूबाईच्या हातातलं सोनं खरंच होतं

बॅजर्स (इथल्या विद्यापीठाचा हॉकी संघ) हरले की आमच्या अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या मराठी ग्रुपवर एक ठरलेला मेसेज पडतो: 'नुसती मोठी नावं गोळा करून काय होतं, २०१९ आठवतंय ना?' मग कोणीतरी 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' टाकतं, चार हसरे चेहरे येतात आणि गाडी पुढच्या पॉटलकवर जाते. मला त्या २०१९-२० च्या हंगामावरून नीट भांडायचंय, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा पुरुषांचा आइस हॉकी संघ म्हणजे इथलं मोठं घराणं. १९७३, १९७७, १९८१, १९८३, १९९० आणि २००६ अशी सहा राष्ट्रीय विजेतेपदं. कोल सेंटरमध्ये हॉकीला पंधरा हजार माणूस बसू शकतो, कॉलेजच्या खेळात हे प्रचंडच झालं. शुक्रवारी आणि शनिवारी त्याच पाहुण्या संघाशी लागोपाठ दोन सामने, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत बँडचा दणका. एवढं असूनही गेल्या दशकात या घराण्याची रया गेली होती. म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात सगळे हुरळले त्यात नवल नाही.

कारण येणारी पोरं तशीच होती. कोल कॉफिल्ड, आपल्याच राज्यातल्या स्टीव्हन्स पॉइंटचा, अमेरिकेच्या अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघासाठी एका हंगामात ७२ गोल ठोकून आलेला. एनएचएल, म्हणजे इथली मोठी व्यावसायिक हॉकी लीग, तिच्यातल्या माँट्रियलने त्याला ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने तरुण खेळाडूंवर हक्क सांगतात ती निवड) पंधराव्या क्रमांकावर घेतलं होतं. त्याचा जोडीदार अॅलेक्स टरकॉट पाचव्या क्रमांकावर लॉस एंजेलिसकडे. बचावात के'आंद्रे मिलर, त्याला आदल्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सने पहिल्या फेरीत उचललेलं. शिवाय कॅनडाचा डिलन हॉलोवे, जो पुढच्या ड्राफ्टमध्ये चौदावा गेला. कॉलेजच्या एका संघात पहिल्या फेरीचे चार खेळाडू! प्रशिक्षक टोनी ग्रॅनॅटो, स्वतः माजी बॅजर, एनएचएल खेळलेला, २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक. कागदावर काही म्हणजे काही कमी नव्हतं.

निकाल: १४ विजय, २० पराभव, २ बरोबरी. बिग टेन या आपल्या कॉलेज लीगच्या सात संघांत सातवा नंबर. लीगच्या हंगामाअखेरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत ओहायो स्टेटकडून गाशा गुंडाळला. पुढच्या काही दिवसांत कोविडमुळे सगळंच बंद पडलं, त्यामुळे या हंगामाचं शवविच्छेदन कधी झालंच नाही. उरली फक्त ती म्हण.

आता या म्हणीचंच घ्या. कथलाचा वाळा कोणाच्या हातात होता? कॉफिल्डने पहिल्याच वर्षी ३६ सामन्यांत १९ गोल केले. टरकॉटचे २९ सामन्यांत २६ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून). आणि आज बघा, चौघेही एनएचएलमध्ये खेळलेत, कॉफिल्ड तर माँट्रियलचा लाडका. म्हणजे पारख करणारे चुकले नव्हते. पोरं गर्विष्ठ होती, त्यांचं लक्ष पैशाकडे होतं, हे जे आपले काका लोक छातीठोकपणे सांगतात त्याला माझ्या मते काडीचा आधार नाही. गर्विष्ठ पोरगा हरणाऱ्या संघातून सामन्यामागे अर्धा गोल काढत नाही.

गोल करण्यात हा संघ कमी नव्हताच. घोटाळा गोल खाण्यात होता. आणि खायचा कसे, हे ज्यांनी कोल सेंटरमध्ये बसून पाहिलंय त्यांना आठवेल. पक (हॉकीची रबरी चकती) आपल्याच जाळ्यामागे, कोपऱ्यात फळीला लागून. तिथे आपला अठरा वर्षांचा पोरगा आणि समोरचा तेवीस वर्षांचा बाप्या. खांद्याला खांदा लागतो, आपला पोरगा फळीवर आपटतो, पक जाळ्यासमोर येतो, तिथे उभ्या असलेल्या धटिंगणाला हलवायला कोणी नाही, गोल. नाहीतर समोरच्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर कोणीतरी कौशल्य दाखवायला जाणार, पक हरवणार आणि तिघे उलट धावत येणार. लहानपणापासून पक ज्यांच्याच काठीवर राहिला, त्यांना पक नसताना काय करायचं हे शिकायला एक वर्ष लागतं. ते वर्ष त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर काढलं, एवढंच.

वयाचा हा मुद्दा आपल्याकडच्या लोकांना पटकन पटत नाही, कारण आपल्या डोक्यात कॉलेजचं पहिलं वर्ष म्हणजे अठरा. इथल्या हॉकीत तसं नाही. शाळा संपल्यावर पोरं दोन-दोन वर्षं ज्युनियर लीगमध्ये खेळतात आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसतात. शेवटच्या वर्षाला चोवीस वर्षांचा दाढीवाला गडी असतो. ड्राफ्टमधले हिरे मात्र अठराव्या वर्षीच येतात आणि एक-दोन वर्षांत निघूनही जातात. सोळा वर्षांखालचा राज्यातला सर्वोत्तम फलंदाज थेट रणजीत उतरवला, तर फटके तो देखणे मारेल, पण चार दिवस उन्हात उभं राहणं वेगळं. असा एक असला तर संघ त्याला सांभाळून घेतो. सगळा भार अशांच्याच खांद्यावर टाकला तर?

दुसरी गोष्ट जाळ्यातली. त्या वर्षीच्या गोलकीपरचं नाव घेऊन खापर फोडायची मला हौस नाही. ज्याच्यासमोर बचाव असा उघडा पडतो त्याचे आकडे वाईटच दिसणार. पण आघाडीच्या फळीसाठी एवढी भरती करताना गोलसाठी भरवशाचा, पिकलेला माणूस आणला नाही, हा दोष पोरांचा नाही. भरती करणाऱ्यांचा आहे.

हे मी मागाहून शहाणपण सांगतेय असं वाटत असेल तर पुढचं वर्ष बघा. टरकॉट आणि मिलर प्रो झाले. कर्णधार कॅलिनुकही गेला. म्हणजे नावं कमी झाली. आणि संघ? थेट बिग टेनचा विजेता! लीगच्या नियमित हंगामाचं विजेतेपद विस्कॉन्सिनला २००० नंतर पहिल्यांदा मिळालं. काय बदललं? मिशिगन टेकमधून रॉबी बेडून नावाचा पदवी घेतलेला, अनुभवी गोलकीपर आला, सोबत कॅमरन रो नावाचा नवा पोरगा निघाला, आणि त्या दोघांनी दार बंद केलं. लिनस वाइसबाख शेवटच्या वर्षाला होता. आणि तेच कॉफिल्ड-हॉलोवे एका वर्षाने मोठे झाले होते. हॉलोवे पहिल्या वर्षी ३५ सामन्यांत १७ गुणांवर होता, तो २३ सामन्यांत ३५ वर गेला. कॉफिल्डने ३१ सामन्यांत ३० गोल करून देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला. (राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बेमिजी स्टेटने ६-३ ने हरवलं, तो घाव वेगळा. त्यावर आज नको.)

मग ते सगळे गेले आणि २०२१-२२ मध्ये संघ पुन्हा आपटला: १० विजय, २४ पराभव. २०२३ च्या मार्चमध्ये ग्रॅनॅटोंना काढलं. माणूस म्हणून मला ते आवडायचे, पण सात वर्षांत एकदा भरती आणि एकदा ओहोटी असा कारभार चालला, तेव्हा निर्णय बरोबरच होता.

त्यांच्या जागी माइक हेस्टिंग्ज आले. मिनेसोटा स्टेटमध्ये ड्राफ्टवाल्यांच्या गर्दीशिवाय त्यांनी २०२२ ला संघ अंतिम सामन्यात नेला होता, आणि त्या संघाचा हिरो कोण, तर ड्रायडेन मॅके, कोणी ड्राफ्टही न केलेला गोलकीपर. इथे पहिल्याच वर्षी २६ विजय. जाळ्यात काइल मॅक्लेलन, ज्याला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम गोलकीपरचा माइक रिक्टर पुरस्कार मिळाला. (रिक्टर स्वतः आपलाच, बॅजर.) मॅक्लेलन गेला, आणि पुढच्या हंगामात १३ विजय, २१ पराभव. प्रशिक्षक तोच. फरक फक्त जाळ्यातला होता असं मी म्हणणार नाही, पण मोठा फरक तिथेच होता.

आणि शेजारच्या लाबान अरीनात मार्क जॉन्सन यांच्या मुली २०२५ पर्यंत आठ राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन बसल्यात. त्यांच्यातही देशातल्या सर्वोत्तम मुलीच येतात की! पण मुलींना मधेच उचलून नेणारी एनएचएल नाही, त्यामुळे त्या सहसा चारही वर्षं राहतात. पहिल्या वर्षाची मुलगी चुकली तर शेवटच्या वर्षाची ताई मागे उभी असते. या संघाची गर्दी अजून पुरुषांच्या निम्मीही नसते, त्यावर मी स्वतंत्र चिडणार आहे.

२०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंनाही अमेरिकन कॉलेजांचं दार उघडलंय, त्यामुळे नावांचा बाजार अजून तापणार. तिथून विशीतले, दोन-तीन हंगाम फळ्यांवर आपटून पक्के झालेले बचावपटू आणले तर मी आनंदाने तिकिटं काढेन. अठरा वर्षांचे चार तारे आणले, तरी हरकत नाही, पण त्यांच्या मागे कोण उभं करताय ते आधी दाखवा.