पूल मागू नका, साहाय्य मागा

पहिली गोष्ट, वॉर्ड ऑफिसात पूल मागायला जाऊ नका. तुमच्या वस्तीपुढून मुंबईच्या हार्बर लोकलचे रूळ गेलेत, पलीकडे शाळा आहे, दवाखाना आहे, रेशनचं दुकान आहे आणि मधे ओलांडायला काही नाही, हे सगळं खरं. पण म्हणून थेट पूल? पूल मागितला की समोरच्या माणसाची पंचाईत होते. पुलाला जागा लागते, पैसा लागतो, पुढे त्याच्यावरचे दिवे कोण बदलणार हा प्रश्न निघतो. साहेब माणूस चांगला असतो. तो अर्ज घेतो, त्यावर आवक क्रमांक टाकतो आणि हळूच सांगतो की हे रेल्वेचं काम. रेल्वेवाले म्हणतात, रुळांवरचा भाग आमचा, जिना उतरतो ती जमीन पालिकेची. पालिका नकाशा काढते तेव्हा ती जमीन कलेक्टरची निघते, त्यातला एक कोपरा म्हाडाचा असतो आणि उरलेल्या भागावर तुमच्याच मंडळाची गणपतीची शेड असते.

त्यापेक्षा तांत्रिक साहाय्य मागा. 'आमची वस्ती वंचित असून वाहतूक प्रकल्पाचे नियोजन करण्याची क्षमता आमच्यात नाही, तरी मार्गदर्शन मिळावे,' एवढं लिहा आणि साहेबाचा चेहरा बघा. खुर्ची देतील. सल्ल्याला जमीन लागत नाही, ना हरकत लागत नाही, उद्घाटन एसी हॉलमध्ये होतं आणि पावसाळ्यात काम थांबत नाही. शिवाय सल्ला टिकाऊ असतो. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल मार्च २०१९ मध्ये संध्याकाळच्या गर्दीत खाली आला, माणसं गेली. पण पूल किरकोळ दुरुस्ती करून वापरायला योग्य आहे असं सांगणारा ऑडिटचा अहवाल जसाच्या तसा शाबूत होता.

साहाय्यासाठी आधी पात्र ठरावं लागतं, म्हणजे मागास असल्याचं सिद्ध करावं लागतं. तुमची वस्ती एम पूर्व वॉर्डात असेल, गोवंडी, मानखुर्द, देवनार, बैंगनवाडी असा पत्ता असेल, तर निम्मं काम झालंच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या २४ वॉर्डांत आपला नंबर शेवटचा होता, निर्देशांक ०.०५. हा आकडा पाठ करून ठेवा. दर अर्जात, दर बैठकीत पहिल्या वाक्यात तो आला पाहिजे. इतक्या वर्षांत परिस्थिती जरा सुधारली असेल तरी ते बाहेर बोलू नका; निर्देशांक वर गेला तर साहाय्य देणारे कुठे जातील?

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजून कमीपणा घेऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्याने २०२२ मध्ये वंचित समुदायांना वाहतूक प्रकल्प आखायला मदत करणारा कार्यक्रम काढला आणि २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ६४ समुदाय निवडले. त्यात पैसे समुदायांच्या हातात दिले नव्हते, त्यांची क्षमता वाढवणाऱ्या संस्थांना दिले होते. साता समुद्रापलीकडेही साहेब लोकांना कळतं की गरिबाच्या हातात पैसा दिला तर तो सरळ फूटपाथ बांधून मोकळा होईल.

आता सल्लागार येईल. सल्लागार म्हणजे आधी टॅबलेट घेतलेला एक पोरगा येईल, घामाघूम झालेला. त्याला पाणी द्या, तो पगारी आहे आणि तोही बिचारा दोन शेअर रिक्षा बदलून आलाय. तो दारादारांत विचारेल, 'मावशी, तुम्ही प्रवासासाठी कुठलं साधन वापरता?' मावशी म्हणेल, पाय. हे उत्तर त्याच्या यादीत 'इतर'मध्ये जाईल. त्यावरून वाद घालू नका. मुंबई महानगराचा जो मोठा सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पुरा झाला, त्यातही लोकांच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होतात असं निघालं होतं. अभ्यासकांनी ते प्रामाणिकपणे छापलं आणि मग शेकडो किलोमीटर मेट्रो आणि शेकडो किलोमीटर महामार्ग सुचवले. चालणाऱ्याला काय सुचवणार? तो चालतोच आहे.

तो अभ्यासही पहिला नव्हे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकन कंपनीने या शहराला सांगितलं होतं की पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे मुक्तमार्ग, म्हणजे सिग्नल नसलेले रस्ते, काढा. मग १९९४ मध्ये अ‍ॅटकिन्स या इंग्रजी कंपनीचा सल्ला आला. मग हा २००८ चा, कॅनडाच्या ली कंपनीचा. काही खवचट लोक म्हणतात की हे अहवाल कपाटात पडून राहतात. साफ खोटं. विल्बर स्मिथचा पूर्वेकडचा रस्ता २०१३ मध्ये झाला की नाही? पश्चिमेचा कोस्टल रोडही मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. साठ वर्षं लागली, पण सल्ला वाया गेला नाही. गाडीवाल्याच्या बाबतीत सल्ला कधीच वाया जात नाही. कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी आहे आणि पायी चालणाऱ्याला बाजूला समुद्राची हवा खायची सोय केली आहे. तुमच्या पुलाचा अहवाल आज झाला तर साठ वर्षांचा हिशेब धरा आणि नातवंडांना आवक क्रमांक सांगून ठेवा.

या ठिकाणी वरळी कोळीवाड्याचं उदाहरण द्यावं लागतं, ते मुलांनी बिघडू नये म्हणून. कोस्टल रोड वांद्रे-वरळी सी लिंकला जोडायचा तर कोळीवाड्यासमोर समुद्रात खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर पुरे, असं तज्ज्ञांच्या हवाल्याने पालिकेचं म्हणणं. कोळी म्हणाले, पुरत नाही. क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडतात त्या वाटेवर खडक आहेत, भरती-ओहोटीचा जोर आहे, वारा सुटला की बोट सरळ रेषेत राहत नाही, आणि समोरून दुसरी बोट आली तर खांबावर आपटायची. त्यांनी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. आता बघा यात किती चुका झाल्या. एक, त्यांनी साहाय्य घेतलंच नाही, उलट देऊ केलं, तेही फुकट. दोन, त्यांच्याकडे पीपीटी नव्हती. तीन, त्यांच्यातल्या कोणाच्याही नावामागे पदवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यात बोट घालणं ही काही पात्रता होत नाही, निविदेत तसा रकानाच नसतो. चार, ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बोटी नेऊन समुद्रातलं काम थांबवलं. आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. म्हणजे सांगितलं होतं त्याच्या बरोबर दुप्पट. मधला एक खांबच गेला. इतकी वर्षं जो खांब तांत्रिकदृष्ट्या आवश्यक होता तो कुठे गेला, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

तुम्ही असं काही करू नका. तुमच्याकडे बोटी नाहीत. आणि रुळांवर बसलात तर रेल्वे कायद्याची कलमं लागतात.

तुम्ही कार्यशाळेला जा. कार्यशाळा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते, म्हणजे खाडा करून जावं लागतं. त्यावरूनच वंचितांची तळमळ दिसते. हॉल वस्तीपासून इतका लांब असतो की तिथे पोचण्यातच वाहतुकीची समस्या सगळ्यांना समजून येते. समोर पडद्यावर तुमच्या वस्तीचा वरून घेतलेला फोटो दिसेल. हिरव्या रंगाची रेघ असेल, ती 'प्रस्तावित जोडणी'. जोडणी म्हणजे पूल का, असं विचारलंत तर मॅडम हसून म्हणतील, आपण आत्ता संकल्पनेच्या टप्प्यावर आहोत. मग तक्त्यावर रंगीत कागद चिकटवायचे असतात: गुलाबी कागदावर समस्या, पिवळ्यावर सूचना. वस्तीतल्या बायका दोन्ही कागदांवर 'पूल' लिहितात. हे समन्वयकाला आवडत नाही, विविधता येत नाही. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच वाटून द्यावं: एकीने पूल लिहावा, दुसरीने रस्त्याचे दिवे, तिसरीने 'महिलांच्या सुरक्षिततेसाठी अ‍ॅप'. अ‍ॅप लिहिणाऱ्या ताईंचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर येतो. जेवणाची पाकिटं थोडी जास्त मागून घ्या. एवढं एक ठोस साहाय्य त्याच दिवशी घरी नेता येतं.

हरकती आणि सूचना नगरसेवकाकडून द्या असं कोणी म्हटलं तर मान डोलवा. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षांमागून वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात नगरसेवक शोधण्यासाठीही तांत्रिक साहाय्य लागलं असतं.

एक नाजूक मुद्दा. तुमच्या वस्तीत कोणी जुनी माणसं असतील, लल्लूभाई कंपाउंडात किंवा वाशीनाक्याला राहणारे नातेवाईक असतील, तर त्यांना कार्यशाळेला नेऊ नका. लोकल वेगाने धावाव्यात, रस्ते रुंद व्हावेत म्हणून रुळांकाठून आणि रस्त्यांवरून जी हजारो कुटुंबं हलवली त्यांतली बरीच तिकडे आली. वाहतूक प्रकल्प म्हणजे काय हे त्यांना जरा जास्तच कळतं. तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी प्रकल्पाला पैसे देणाऱ्या जागतिक बँकेकडेच तक्रार केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने पुनर्वसन नीट नाही म्हणून रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने अडवून धरले. अशी माणसं हॉलमध्ये आली की उगाच विचारतात, आम्हाला ज्या गाडीसाठी उठवलं त्या गाडीपर्यंत पोचायचं कसं?

साहाय्यातून शेवटी काय मिळेल हा प्रश्न तुमचा नाही. जे मिळेल ते घ्या. मागून मिळालं नसतं असं पुष्कळ मिळतं. चेंबूरला मोनोरेल कोणी मागितली होती? देशातली पहिली, २०१४ मध्ये सुरू झाली आणि भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप, म्हैसूर कॉलनी अशा ठिकाणांवरून रिकामी फिरू लागली. वर्षानुवर्षं तज्ज्ञ म्हणत राहिले की प्रवासी येत नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद पडल्या आणि प्रवासी आले. तेव्हा गाडी म्हैसूर कॉलनीजवळ वरच अडकली आणि शिड्या लावून पाचशेच्या वर लोकांना उतरवावं लागलं. कारण काय, तर क्षमता १०४ टन आणि वजन १०९ टन झालं. प्रवासी नाहीत म्हणून तोट्यात, प्रवासी आले म्हणून बंद. पुढच्या महिन्यात सेवा थांबवली, सुधारणेसाठी. स्कायवॉक, म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठीचे उंच पूल, तेही तसेच. पहिला वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये झाला, मग शहरभर झाले; लोक खालूनच चालत राहिले आणि तो पहिला शेवटी पाडावा लागला. यातून एक गोष्ट घ्या: 'पूल' म्हटलं तर मिळणार नाही, पण 'एलिव्हेटेड इंटिग्रेटेड मोबिलिटी कॉरिडॉर' म्हणालात तर कदाचित स्टेशनपासून एखाद्या मॉलपर्यंत मिळून जाईल. तुमच्या डोक्यावरून जाईल, पण जाईल. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचा उड्डाणपूल २०२१ पासून गोवंडीच्या डोक्यावरून जातोच आहे. त्याच्या बाबतीत सर्वांत खोल तांत्रिक चर्चा झाली ती नाव काय द्यायचं यावर.

बस मागावी का? मागा, पण अपेक्षा ठेवू नका. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. आता बस आली नाही तर पूर्वीपेक्षा दुप्पट बचत होते.

लवकर काम व्हावं असं वाटत असेल तर एक मार्ग आहे, पण तो सुचवायला जीभ रेटत नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनला गर्दीने जिना तुंबतो हे प्रवासी कित्येक वर्षं सांगत होते. सप्टेंबर २०१७ मध्ये २३ जण चेंगरून गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधलेला नवा पूल उभाही राहिला. ना संकल्पनेचा टप्पा, ना गुलाबी कागद.

अहवाल हातात आला की शेवटचं पान आधी वाचा. तिथे 'सविस्तर अभ्यासाची शिफारस' असेल. नसेल तर तक्रार करा, तुम्हाला कमी साहाय्य मिळालंय. त्यानंतर पाहणी होते. साहेब प्रत्यक्ष जागेवर येतात तेव्हा त्यांना रुळांवरून पलीकडे नेण्याचा आगाऊपणा करू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे आणि साहेब कायदा पाळणारे आहेत. त्यांची गाडी वळसा घालून पलीकडे यायला सिग्नल धरून पाऊण तास लागेल. तोवर शाळा सुटलेली असते. पोरं रूळ ओलांडून येत-जात असतातच, त्यांतल्या चौघांना पलीकडेच थांबवून ठेवा आणि साहेबांसाठी खुर्च्या मांडायला सांगा. एक खुर्ची जास्त मांडा, सोबत नवीन सल्लागार असतो.