‘पोट भरलेल्यांची भाषा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय वाचक,

मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, प्रत्येक जण आपले सर्वस्व वाहतो असे सांगणाऱ्या ‘मिस्सेत आपण नेमके काय अर्पण करतो?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि राग निवळावा म्हणून दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. तो पूर्ण निवळला आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे : बायबलमधील, संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ‘आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा’ असे आहे, त्यातल्या ‘शरीरे’ या शब्दाला ताणून मी ‘सर्वस्व’ केले, वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना मी ‘फादर’ म्हटले, यज्ञ अर्पण करण्याचा अधिकार धर्मगुरूंचा असताना मी तो सरसकट सर्वांच्या पदरात टाकला, ‘अर्पण करा’ या उपदेशाआड घरोघरच्या बायकांना सोसायला लावले जाते, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, लेख लांबवला, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, “सर्वस्व वाहण्याची ही भाषा पोट भरलेल्यांनाच परवडते.”

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु जी व्यक्ती स्वतःचे नाव लिहीत नाही, जिला माझे घर, माझे आईवडील, माझे गाव यांपैकी काहीही ठाऊक नाही, तिने माझ्या पोटाचा हिशेब मांडावा आणि त्यापुढे ‘राग मानू नये’ असे तीन शब्द चिकटवून मोकळे व्हावे, याला टीका म्हणत नाहीत. ज्या व्यक्तीला राग येऊ द्यायचा नसतो, ती असे वाक्य लिहीत नाही.

एक चूक मात्र मी आडपडदा न ठेवता कबूल करते. गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते. १५५७ साली वसईत जन्मलेला हा माणूस जपानमध्ये काही काळ व्यापार करीत होता, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात तो दीक्षाविरहित बंधू म्हणून दाखल झाला, दुभाषा म्हणून जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ‘फादर’ हा शब्द माझ्याकडून सवयीने गेला. मात्र या दुरुस्तीने आपल्याच तिसऱ्या आक्षेपाचे काय होते, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. ज्यांनी वेदीवर कधी यज्ञ अर्पण केला नाही, त्यांनी स्वतःचे शरीर अर्पण केले.

आता पोट भरलेल्यांचे ते वाक्य.

माझे वडील वसईच्या पाचूबंदरला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते आणि आई बोंबील सुकवण्याच्या कामाला जात असे. हे काम आपण कधी जवळून पाहिले आहे का, मला ठाऊक नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टाकायची. पुन्हा दोन घ्यायचे. बोंबलाचे दात बारीक, पण सुईसारखे असतात. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीत आईबरोबर जात असे आणि दुपारपर्यंत बोटांची टोके अशी सोलवटून निघत की जेवताना मीठ झोंबायचे. आई काम सुरू करण्यापूर्वी क्रुसाची खूण करून हळूच म्हणत असे, “प्रभू, आजची कामे तुझी.” सकाळच्या अर्पणाची जी प्रार्थना आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते, तिचा प्रसार १८४४ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या प्रार्थनेच्या चळवळीतून झाला. परदेशी धर्मप्रसाराला जाण्यासाठी उतावीळ झालेल्या येशूसंघीय विद्यार्थ्यांना त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितले होते की आज तुमच्यापुढे अभ्यास आहे, तर तो अभ्यासच देवाला द्या. माझ्या आईला यातले काहीही ठाऊक नव्हते. तिच्यापुढे बोंबील होते, तिने बोंबील दिले.

एका हंगामात, जाळे ओढताना दोर आणि होडीचा काठ यांच्यामध्ये सापडून वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. होडीच्या मालकाने औषधाचे पैसे दिले आणि पुढच्या हंगामासाठी दुसरा खलाशी घेतला. त्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटलीच असे दिवस थोडे होते. रविवारी मिस्सेत अर्पणाच्या वेळी ताट फिरत आमच्या बाकापाशी आले तेव्हा वडिलांच्या खिशात नाणे नव्हते. त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलला, ताटाच्या काठावर क्षणभर टेकवला आणि ताट पुढे दिले. ताट धरणारा तरुण गोंधळून थांबला होता, हे मला स्पष्ट आठवते. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला फार लाज वाटली होती. ती लाज कशाची होती, हे समजायला मला पुढची वीस वर्षे लागली. सर्वस्व वाहण्याची भाषा मी कोणत्याही पुस्तकातून उचललेली नाही, त्या बाकावर ऐकली आहे, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणाचेही पोट भरलेले नव्हते.

आणि माझे घर क्षणभर बाजूला ठेवले तरी आपले वाक्य मूळ पत्रापुढेच टिकत नाही. पौलाने हे पत्र इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. त्याच्या शेवटच्या अध्यायात तो ज्यांना नावानिशी नमस्कार सांगतो, त्यांतली अनेक नावे त्या काळच्या रोममध्ये दासांची आणि दास्यातून सुटलेल्यांची म्हणून प्रचलित होती, असे अभ्यासक दाखवून देतात. रोमन कायद्यात दासाचे शरीर दासाचे नव्हते, ते धन्याच्या मालमत्तेत मोजले जाई. अशा माणसांच्या सभेत हे पत्र मोठ्याने वाचले गेले तेव्हा त्यांच्या कानांवर काय पडले असेल, याची कल्पना आपण एकदा करून पाहावी. जे शरीर बाजारात विकले जाते, त्याच शरीराबद्दल त्यांना कोणीतरी सांगत होते की ते तू देवाला अर्पण कर. जे आपले नाही ते अर्पण करता येत नाही. म्हणजे अर्पण करा असे सांगणाऱ्याने आधी ते त्यांचे मानले होते. म्हणूनच ‘शरीरे’ हा शब्द मला ‘सर्वस्व’ या शब्दापेक्षा लहान वाटत नाही. ज्यांच्याकडे घर, जमीन, नाणे काही नाही, त्यांचे सर्वस्व शरीरच असते. मी शब्द ताणला, हा आरोप मी अमान्य करते.

जुन्या करारातील होमार्पणाची आठवणही येथे अस्थानी होणार नाही. शांत्यर्पणात अर्पण करणाऱ्यालाही मांसाचा वाटा मिळत असे; होमार्पणात मात्र कातडे सोडले तर सारे वेदीवर जाळले जाई, कोणाच्याही ताटात काही येत नसे. असे पूर्णार्पणसुद्धा नियमशास्त्राने केवळ गोऱ्हे बाळगणाऱ्यांपुरते ठेवले नव्हते. होला किंवा पारव्याचे पिलू आणणाऱ्यालाही वेदी मोकळी होती. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा शुद्धीकरणाचे अर्पण म्हणून त्यांनी पक्ष्यांची जोडी दिली, असे लूक लिहितो, आणि नियमशास्त्राने ती जोडी कोकरू न जमणाऱ्या गरिबांसाठी सांगितली होती. आणि मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकणाऱ्या विधवेबद्दल येशूने जे म्हटले, त्यात ‘आपली सर्व उपजीविका’ हेच शब्द आहेत. ही भाषा कोणाला परवडते, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कोठून आला?

अर्पणाच्या अधिकाराबद्दल मी थोडेच लिहिते, कारण ही गोष्ट वादाची नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयी जाहीर केलेल्या दस्तऐवजाचे ३४ वे कलम आपण वाचावे. प्रापंचिकांचे, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांचे, काम, कुटुंबजीवन, विश्रांती, धीराने सोसलेले कष्ट ही सारी आध्यात्मिक अर्पणे होतात आणि ती मिस्सेत प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला वाहिली जातात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा थेंब टाकतात तो आपण दर रविवारी पाहत असाल. त्या पाण्यात लोक आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे रक्त, असा अर्थ तिसऱ्या शतकात कार्थेजच्या संत सिप्रियन यांनी सांगितला होता. एकदा मिसळलेला थेंब पुन्हा वेगळा काढता येत नाही. आपण तो वेगळा काढू पाहत आहात.

बायकांच्या सोसण्याचा मुद्दा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. कोणी मारहाण सोसावी आणि तिला अर्पण म्हणावे, असे मी कोठेही लिहिलेले नाही. न लिहिलेल्या वाक्यांची जबाबदारी मी घेणार नाही. त्यावर स्वतंत्रपणे कधीतरी लिहीन. लेख लांबला, ही आपली तक्रार राहते. ज्यांना तो लांब वाटला त्यांना तो अर्ध्यावर सोडण्याची मोकळीक होती.

माझे वडील त्यानंतर बावीस वर्षे जगले. उरलेल्या तीन बोटांत जाळे विणायची लाकडी सुई धरून ते इतरांची जाळी सांधून देत असत, आणि सकाळी पहिली गाठ मारण्यापूर्वी त्यांची क्रुसाची खूण त्याच हाताने होत असे. हे मी लेखात लिहिले नव्हते, कारण ते सांगून कोणाची सहानुभूती मिळवावी असे मला वाटले नव्हते. आपल्या वाक्यामुळे ते लिहावे लागले, याचे मला वाईट वाटते.

मूळ लेखात संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाआधीचा ‘फादर’ हा शब्द मी काढला आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.