पाच किलोच्या वर उचलायचं नाही, बाकी सगळं येतं

मी नर्स आहे. मणक्याची गादी सरकली, उपचार झाले आणि ऑर्थोच्या डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं. पण अटी घालून: पाच किलोच्या वर वजन उचलायचं नाही, सारखं वाकायचं नाही, तूर्तास नाइट ड्युटी नाही. जुन्या हॉस्पिटलला हे परवडेना. तेव्हापासून पुण्यात नोकरी शोधतेय. 'पॉझिटिव्ह राहा गं' म्हणणारे खूप भेटतात. त्यांचा राग नाही, पण पॉझिटिव्ह राहून एचआरला काय सांगायचं, ते कुणी सांगत नाही.

पाठ का जाते, ते वॉर्डात राबलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर बेडसोअरची जखम ठरलेली. पेशंट नव्वद किलोचा. वॉर्डबॉय मामा दुसऱ्या कुणाला एक्स-रेला घेऊन गेलेले, आया मावशी शेजारच्या वॉर्डात. मग काय, ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, दोन्ही मुठींत गच्च धरायची आणि ओढायचं. तेही वाकून, कारण बेड वर घ्यायचं हँडल जाम झालेलं असतं आणि मेंटेनन्सला कळवून महिना उलटलेला असतो. वर्षानुवर्षं हे केल्यावर गादी जागेवर राहिली तरच नवल!

इंटरव्ह्यूत मेट्रन मॅडमना, म्हणजे मुख्य सिस्टरना, अनुभव पसंत पडतो. फाइल एचआरकडे गेली, की 'सिस्टर, आम्हाला फुल ड्युटी करणारा स्टाफ लागतो.' सर्टिफिकेट दाखवूच नकोस, असा सल्लाही मैत्रिणी देतात. मी दाखवते, इंटरव्ह्यूला बसल्या बसल्याच. लपवून लागले आणि नाइटला पेशंट शिफ्ट करताना कळ आली, तर पडणार पेशंट. ते मला झेपणार नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आस्थापनांवर बंधन आहे. नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही, जमेल ते काम द्यायचं. खासगी हॉस्पिटलांना हे कलम लागू नाही, आणि स्लिप डिस्क अपंगत्वात बसेलच असंही नाही. त्याच 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सचा पगार महिना 20,000 च्या खाली नसावा. शिफारसच ती. मला आजही त्याच्या खालच्या ऑफर येतात. वर ऐकवतात, 'लाइट ड्युटी आहे ना मग!'

तरी मी खचलेले नाही. आशा वगैरे मनात आपोआप उगवते यावर माझा विश्वास नाही. मी सरळ वही घेतली आणि पाठ न वापरता नर्सला काय काय काम असतं, ते लिहून काढलं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला वजन उचलावं लागत नाही. हात धुतात की नाही ते बघायचं, सुई टोचल्याची नोंद ठेवायची, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतलं लाल पिशवीत गेलं की ओरडायचं (ओरडण्यात आपण तयार आहोत). लसीकरणाच्या खोलीत दोन ते आठ डिग्रीचा फ्रिज सांभाळायचा आणि रडणारं पोर. डायबेटीस ओपीडीत आजीबाईंना इन्सुलिनचं पेन शिकवायचं. त्या रोज पोटावर एकाच जागी टोचतात, तिथे गाठ येते, मग औषध नीट शोषलं जात नाही आणि साखर का उतरत नाही म्हणून घरचे हैराण. शेजारी बसून जागा बदलायला शिकवणं हे नर्सिंग नाही तर काय आहे?

शिवाय चाकण, भोसरी, रांजणगावचे कारखाने आहेतच. 500 च्या वर कामगार असतील तिथे नर्सिंग स्टाफसह अँब्युलन्स रूम हवी, असं 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनेच ठरवून दिलं होतं. तिथेही शिफ्ट असतात आणि बोट मशीनमध्ये गेलेला माणूस वेळ बघून येत नाही, हे ठाऊक आहे. पण ड्रेसिंगला, बीपीला, सॅलाइन लावायला माझे हात शाबूत आहेत.

तेव्हा मंडळी, कुणाच्या कंपनीत ओएचसीला, म्हणजे कंपनीतल्या दवाखान्यात, किंवा ओळखीच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलला जागा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, नर्स म्हणून रजिस्ट्रेशन चालू आहे. हडपसरहून येईन, बसला लटकून. फक्त नाइट नको.