एक अक्षर बदललं म्हणून सोयरीक मोडायची का?

परवा नंदुरबारात आमच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. अप्पांच्या पुतण्याला स्थळ आलं, घर चांगलं, पोरगी शिकलेली, आणि मुलीकडच्यांनी स्वतःहून सांगितलं की पोरीचा सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, रिपोर्ट एएस आलाय. अप्पांचं एकच, "नको रे भो, आजारी पोर कशाला करायची."

लॅबवाला भडकलाच. "अप्पा, एएस म्हणजे वाहक. पेशंट असतो तो एसएस, दोन्ही जीन बिघडलेले. आईकडून एक जीन, बापाकडून एक, तिच्यात त्यातला एकच, एका अक्षरानं, बिघडलेला आहे, दुसरा नीट हिमोग्लोबिन बनवतोय, म्हणून एरवी तिच्या पेशी गोलच राहतात."

केळीवाला भाऊ मधेच, "तीनशे कोटी अक्षरं म्हणता डीएनएत, मंग एकानं काय होतंय?"

इथं मास्तर सुरू झाले आणि मला त्यांचं म्हणणं फार पटलं, कारण एक अक्षर ही छोटी गोष्ट आहे की मोठी हे ते कुठं बदललं त्यावरच ठरतं. पेशी तीन-तीन अक्षरं वाचते आणि दर तीनाला एक अमिनो आम्ल जोडते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यात सहाव्या जागी जीएजी ही तीन अक्षरं, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. त्याचं जीएए झालं असतं तर काहीच बिघडलं नसतं, तेही ग्लुटामिकच. पण झालं जीटीजी, आणि तिथं व्हॅलिन बसलं, जे पाण्यापासून लांब पळतं. ऑक्सिजन सोडला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, मग रक्त पुरणार कुठून?

भाऊ तरी ऐकेना. मग मास्तरांनी खडूनं कट्ट्यावरच लिहिलं, "मदन गवत उपट". आता मदनच्या पुढं एक क घुसवला, वाचायचं मात्र तीन-तीनच: "मदन कगव तउप ट". पुढचं सगळं बाद. बीटा थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात, आपल्याकडं सापडणारा एक बदल अगदी असाच आहे, आठव्या-नवव्या शब्दाजवळ एक जी जादा, मग पुढं भलत्याच जागी थांबायची खूण येते आणि साखळी अर्धवट सुटते, कामाचं प्रोटीन बनतच नाही.

"म्हणूनच म्हणतो," लॅबवाला पुन्हा, "पोरीकडं बोट नका दाखवू, पोराचं रक्त तपासा. तो एए, म्हणजे दोन्ही जीन चांगले, निघाला तर एकही मूल एसएस होणार नाही, वाहक फक्त होऊ शकतं. तोही एएस असला तर मात्र दर बाळंतपणाला चारात एक धोका."

"आमच्या घरात कोणाले नाही काही."

"वाहकाला सहसा काही त्रासच होत नाही अप्पा, कळणार कसं?"

माझंही हेच म्हणणं. ज्या घरानं रिपोर्ट लपवला नाही त्यालाच आपण नकार दिला तर उद्या कोण दाखवेल? २०२३ पासून सिकलसेल संपवायचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं, आणि इथं एका रिपोर्टावर सोयरीक मोडायला निघालोत. असा राग येतो ना.

एक गोष्ट लॅबवाल्यानं बजावून सांगितली. पोराची नुसती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी झटपट चाचणी, करून भागत नाही, तिच्यात थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही, आणि एका बाजूनं सिकलसेल, दुसऱ्या बाजूनं बीटा थॅलेसेमिया असं जुळलं तरी मूल आजारी होऊ शकतं. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणीच करायची. अलीकडं रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं.

अप्पा बराच वेळ खडूच्या अक्षरांकडं बघत होते. मग म्हणे, "पोराले उपाशीपोटी आणू का?"

"नाही, जेवून येऊ द्या. उद्याच आणा."